संकोचाची किंमत

आपल्याकडे एस.टी. स्थानकांच्या भिंतींवर, लोकल गाड्यांच्या डब्यांत आणि सार्वजनिक मुताऱ्यांच्या दारांवर एक जाहिरात हमखास आढळते. मूळव्याध आणि भगंदर यांवर शस्त्रक्रियेविना खात्रीचा इलाज करून देण्याचे आश्वासन तीत असते. शरीराच्या ज्या भागाविषयी घरात, शाळेत वा कचेरीत चकार शब्द काढला जात नाही, त्याविषयी उघडपणे बोलणारे असे दुसरे काही आपल्या सार्वजनिक जीवनात क्वचितच दिसते. शौचाच्या वेळी रक्त पडू लागलेला तिशी-पस्तिशीतला माणूस पहिल्यांदा ती भिंत वाचतो. घरी सांगतो ते नंतर, आणि डॉक्टरांकडे जातो ते त्याहून नंतर. बहुतेकांचे यात फारसे बिघडत नाही, कारण बहुतेकांना खरोखरच मूळव्याध असते. परंतु काही थोड्यांच्या बाबतीत ते रक्त मोठ्या आतड्याच्या अथवा मलाशयाच्या कर्करोगाचे असते, आणि भिंतीवरच्या त्या इलाजात त्यांचे मोलाचे महिने निघून जातात.

मोठ्या आतड्याचा कर्करोग हा उतारवयाचा रोग आहे, अशी समजूत अगदी अलीकडेपर्यंत वैद्यकीय पुस्तकांतही रूढ होती. ती सर्वस्वी चुकीची नव्हती. आजही बहुसंख्य रुग्ण पन्नाशी ओलांडलेलेच असतात. परंतु गेल्या तीन-चार दशकांत अनेक देशांत एक चमत्कारिक स्थित्यंतर घडून आले आहे. वृद्धांमधील प्रमाण स्थिर राहिले वा उतरले, तर पन्नाशीच्या आतील स्त्री-पुरुषांत ते वाढत गेले. अमेरिकेत २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाचा निष्कर्ष असा होता की, १९५०च्या सुमारास जन्मलेल्यांच्या तुलनेत १९९०च्या सुमारास जन्मलेल्यांना, त्याच वयात, मोठ्या आतड्याच्या कर्करोगाचा धोका दुप्पट आणि मलाशयाच्या कर्करोगाचा धोका चौपट आहे. हा निष्कर्ष तेथे कपाटात पडून राहिला नाही. निरोगी माणसाने या रोगासाठी चाचणी सुरू करण्याचे वय तेथील कर्करोग संस्थेने २०१८ साली पन्नासवरून पंचेचाळीसवर आणले, आणि २०२१ साली तेथील अधिकृत तज्ज्ञ मंडळानेही तोच निर्णय घेतला.

जगभरात २०२२ साली या रोगाचे १९ लाखांहून अधिक नवे रुग्ण आढळले आणि ९ लाखांहून अधिक लोक त्याने दगावले. आपल्या देशात पाश्चात्त्य देशांच्या मानाने त्याचे प्रमाण कमी आहे. तथापि लोकसंख्याच अफाट असल्यामुळे दरवर्षी साठ हजारांहून अधिक भारतीयांना तो होतो. मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयातील ८०० रुग्णांची पाहणी २०१७ साली प्रसिद्ध झाली, तीत रुग्णांचे सरासरी वय सुमारे ४७ वर्षे भरले. आपली लोकसंख्याच तरुण आहे, म्हणून सरासरीही खाली येणार, हे मान्य केले तरी डॉक्टरांसमोर बसलेला हा रुग्ण कोण आहे, याचे उत्तर बदलत नाही. तो निवृत्त आजोबा नसून नोकरीच्या मध्यावर असलेला, मुले शाळेत असलेला, घराचे हप्ते फेडणारा माणूस असतो. काही वेळा तर तो पदवीच्या शेवटच्या वर्षाला असतो.

अशा माणसाचे निदान उशिरा का होते, हा या विषयातला कळीचा प्रश्न आहे. एक कारण वयाविषयीच्या समजुतीत आहे. पस्तिशीतल्या रुग्णाने रक्ताची तक्रार सांगितली की ‘उष्णता वाढली असेल’, ‘तिखट कमी करा’, ‘बैठे काम सोडा’ हे सल्ले घरचे देतात, आणि कधीकधी दवाखान्यातूनही हेच ऐकू येते. बाळंतपणानंतर अशक्तपणा आलेल्या स्त्रीला लोहाच्या गोळ्या मिळतात. रक्त जाते कोठे, याचा शोध घेतला जात नाही. दुसरे कारण संकोचाचे. शौचाला किती वेळा जावे लागते, पोट साफ झाल्यासारखे वाटते की नाही, रक्त तांबडे असते की काळसर, हे प्रश्न विचारताना डॉक्टर घाई करतात आणि उत्तर देताना रुग्ण मान खाली घालतो. हातमोजा घालून बोटाने मलाशय तपासण्याला दोन मिनिटेही लागत नाहीत, त्यासाठी यंत्र लागत नाही की वीज लागत नाही. आणि मलाशयाच्या खालच्या भागातल्या कित्येक गाठी त्या तपासणीत हाताला लागतात. परंतु उभयतांच्या भिडेपोटी तीच टाळली जाते.

या दिरंगाईची किंमत आकड्यांत सांगता येते. अमेरिकेतील नोंदींनुसार रोग मूळ जागीच असताना सापडला, तर पाच वर्षे जगणाऱ्यांचे प्रमाण शंभरात नव्वदच्या आसपास असते. तो यकृत, फुप्फुस अशा दूरच्या अवयवांत पोहोचल्यावर सापडला, तर ते पंधराच्या आसपास उतरते. आणि हा रोग न कळवता येतो असेही नाही. पन्नाशीखालील रुग्णांविषयी अमेरिकेत २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात पोटदुखी, गुदद्वारावाटे रक्त जाणे, जुलाब आणि लोहाच्या कमतरतेमुळे झालेला रक्तक्षय ही चार लक्षणे निदानापूर्वी तीन महिने ते दोन वर्षे या काळात नोंदलेली आढळली. म्हणजे शरीराने वर्दी दिलेली असते. ती ऐकून घेणारे कोणी नसते.

यावर एक आक्षेप घेतला जाईल आणि तो रास्त आहे. आपल्यासारख्या देशात प्रत्येक तरुणाची दुर्बिणीने तपासणी करावयाची म्हटले, तर तेवढे तज्ज्ञ कोठून आणावयाचे, आणि पैसा कोठून? शासनाच्या तपासणी मोहिमेत तीस वर्षांवरील लोकांसाठी तोंड, स्तन आणि गर्भाशयमुख या तीन कर्करोगांचा समावेश आहे, कारण आपल्याकडे त्यांचे प्रमाण मोठे आहे. त्यांत आतड्याच्या कर्करोगाची भर आज घालावी, असे प्रस्तुत लेखकाचे म्हणणे नाही. निरोगी माणसांच्या सरसकट चाचणीचा प्रश्न वेगळा आणि लक्षणे घेऊन दारात आलेल्या माणसाच्या तपासणीचा प्रश्न वेगळा. दुसऱ्या प्रश्नाला फारसा खर्च नाही. रक्त जाण्याची तक्रार घेऊन आलेल्या कोणत्याही वयाच्या रुग्णाची बोटाने तपासणी केल्याशिवाय त्याला मूळव्याधीचे औषध द्यावयाचे नाही; कारण न सापडलेला रक्तक्षय असेल, शौचाची सवय बदलून कित्येक आठवडे लोटले असतील किंवा औषध घेऊनही रक्त थांबत नसेल, तर त्याला दुर्बीण तपासणीसाठी पुढे पाठवावयाचे; एवढा दंडक तालुक्याच्या गावीही पाळता येण्याजोगा आहे.

संकोच सोडून बोलल्याने काय होऊ शकते, याचे उदाहरण इंग्लंडमधील एका शिक्षिकेने घालून दिले आहे. डेबोरा जेम्स ही शाळेची उपमुख्याध्यापिका, दोन मुलांची आई. २०१६ सालच्या डिसेंबरात, वयाच्या पस्तिसाव्या वर्षी तिला आतड्याचा कर्करोग असल्याचे कळले. त्यानंतर वृत्तपत्रांतून आणि नभोवाणीवरून ती अखेरपर्यंत लोकांना एकच गोष्ट निरनिराळ्या प्रकारांनी सांगत राहिली : शौचानंतर मागे वळून पाहा, आणि वेगळे काही दिसले तर लाजू नका. २८ जून २०२२ रोजी चाळिसाव्या वर्षी ती वारली. मृत्यूपूर्वीच्या काही आठवड्यांत तिने संशोधनासाठी उभारलेल्या निधीत साठ लाख पौंडांहून अधिक रक्कम जमा झाली, आणि आतड्याच्या कर्करोगाच्या तपासणीसाठी पाठविल्या जाणाऱ्यांची संख्या त्या काळात लक्षणीय वाढल्याचे तेथील सरकारी आरोग्यसेवेने जाहीर केले.

याउलट अमेरिकेतील नट चॅडविक बोसमन याने आपला आजार चार वर्षे जगापासून लपवून ठेवला. २०१६ सालीच त्याचेही निदान झाले होते. शस्त्रक्रिया आणि औषधोपचार चालू असतानाच तो चित्रपटांतून कामे करीत राहिला, आणि २०२० सालच्या ऑगस्टात, त्रेचाळिसाव्या वर्षी तो गेला तेव्हाच प्रेक्षकांना खरी हकीकत कळली. त्याचे चुकले असे म्हणण्याचा अधिकार कोणालाही नाही. आपल्या आजाराची वाच्यता करावी की नाही, हे ठरविण्याचा हक्क रुग्णाचा आहे. आपल्याकडे मात्र मौन हा हक्क राहिलेला नसून ती सक्ती झाली आहे. बोलावेसे वाटणाऱ्यालाही बोलता येत नाही. कारण मुलीचे लग्न व्हावयाचे असते, बढतीची यादी लागावयाची असते, आणि शेजारपाजारच्या नजरा चुकवावयाच्या असतात.

हे मौन पिढ्यान् पिढ्या चालते आणि त्यातून एक वेगळेच नुकसान होते. या रोगाच्या काही रुग्णांत त्याचे मूळ आनुवंशिक असते आणि तरुण रुग्णांत अशांचे प्रमाण अधिक असते. याचा शोध लागला तो एका शिवणकाम करणाऱ्या बाईच्या बोलण्यावरून. १८९५ साली मिशिगनमधील डॉक्टर वॉर्थिन यांच्याजवळ तिने सांगितले की, आपल्या घराण्यातली बहुतेक माणसे आतड्याच्या वा गर्भाशयाच्या कर्करोगाने लवकर मरतात आणि आपलेही तेच होईल. वॉर्थिन यांनी ते हसण्यावारी नेले नाही. त्या घराण्याची वंशावळ जमवून १९१३ साली त्यांनी ती प्रसिद्ध केली. पुढे हेन्री लिंच यांनी ते काम तडीस नेले आणि या विकाराला त्यांचेच नाव मिळाले. आज अशा घराण्यातील माणसे रक्ताच्या चाचणीने ओळखता येतात आणि वेळच्या वेळी दुर्बिणीने तपासून त्यांचा रोग रोखता येतो. परंतु त्यासाठी काका कशाने गेले, हे पुतण्याला ठाऊक असावे लागते. आपल्या घरांत ‘पोटाच्या दुखण्याने गेले’ एवढ्यावरच ती हकीकत संपते.

निदान झाल्यानंतरची वाटचाल तरुण रुग्णाला वृद्धापेक्षा निराळी असते. रोग आतड्यात असेल तर बहुधा आधी शस्त्रक्रिया आणि नंतर आवश्यक तर तीन ते सहा महिने केमोथेरपी; मलाशयात असेल तर पुष्कळदा आधी किरणोपचार आणि औषधे, मग शस्त्रक्रिया. हा वर्षभराचा प्रपंच झाला. या औषधांपैकी ऑक्झॅलिप्लॅटिन नावाचे एक औषध असे आहे की, ते घेणाऱ्याला गार पाणी प्यायल्यास घशात टोचते, फ्रीजमधली वस्तू हातात धरवत नाही, आणि पुढेपुढे बोटांची संवेदना बोथट होते. सदऱ्याची गुंडी लावता न येणे, खडू हातात आहे की नाही हे न कळणे, नोटा मोजताना चुका होणे, या गोष्टी ऐकावयास किरकोळ वाटतात. शिक्षकाला आणि रोखपालाला त्या तशा नसतात. काहींची ही बधिरता उपचार संपल्यावरही महिनोन् महिने, क्वचित वर्षानुवर्षे टिकते.

याहून गंभीर बाब अपत्यप्राप्तीची. ओटीपोटावरील किरणोपचारांनी स्त्रीची बीजकोशांची शक्ती नष्ट होऊ शकते. पुरुषाच्या बाबतीतही प्रजननशक्तीला आणि कामजीवनाला इजा पोहोचू शकते. शुक्राणू वा स्त्रीबीज गोठवून ठेवण्याची सोय आता मोठ्या शहरांतून उपलब्ध आहे; पण तिचा उपयोग उपचार सुरू होण्यापूर्वीच करावा लागतो. पंचविशीतल्या अविवाहित रुग्णासमोर हा विषय कोणी काढावयाचा? डॉक्टरांना वाटते नातेवाईक विचारतील. नातेवाइकांना वाटते, जीव वाचण्याची भ्रांत असताना हे काय बोलावयाचे. आणि रुग्ण तर आईवडिलांसमोर तोंड उघडत नाही. अशा रीतीने तिघांच्या सभ्यतेत एक संधी कायमची हुकते.

पोटावर केलेल्या कृत्रिम मलद्वाराविषयी तर आपल्याकडे पूर्ण काळोख आहे. काही रुग्णांना ते काही महिन्यांपुरते, काहींना कायमचे असते. पोटावर चिकटविलेल्या पिशवीत मल जमा होतो आणि ती रुग्णाला स्वतःच रिकामी करावी लागते, बदलावी लागते. नीट शिकवले तर माणूस त्यासह नोकरी करतो, प्रवास करतो, पोहतोसुद्धा. मुंबईतील ऑस्टोमी असोसिएशन ऑफ इंडियासारख्या संस्था हेच शिकविण्याचे काम करतात. परंतु पिशव्यांचा खर्च शस्त्रक्रियेच्या बिलाबरोबर संपत नाही. तो महिन्यामागून महिने चालू राहतो, आणि लहान गावात चांगली पिशवी मिळणेच दुरापास्त असते. महात्मा फुले जनआरोग्य योजनेची मर्यादा दीड लाखावरून पाच लाखांपर्यंत वाढली, हे स्वागतार्हच आहे. तथापि पिशवी ही चैनीची वस्तू नसून उपचाराचाच भाग आहे, आणि ती जिल्हा रुग्णालयांतून नियमाने मिळाली पाहिजे.

मग येतो तो ‘बरा झाला’ हा शब्द. शेवटचा उपचार संपला की घरचे पेढे वाटतात, कचेरी हजर होण्याचा दिनांक विचारते आणि परिचित म्हणतात, ‘आता सगळे विसरून जा.’ मलाशयाचा भाग काढलेल्या माणसाला ते विसरता येत नाही. दिवसातून सहा-आठ वेळा, कधी ऐनवेळी, त्याला शौचाला जावे लागते. ज्या शाळेत शिक्षकांसाठी एकच शौचालय आहे आणि त्याची किल्ली शिपायाच्या खिशात आहे, तेथे हा माणूस सलग चार तास कसे घेणार? निवडणुकीच्या कामावर दुर्गम केंद्रावर पाठवलेली शिक्षिका काय करणार? तासिका तत्त्वावर शिकवणाऱ्या प्राध्यापकाला आणि कंत्राटी लिपिकाला तर आजारपणाचे वेतनच नाही. त्यांना उपचार आणि उपजीविका यांतून निवड करावी लागते. विद्यार्थ्याचे वर्ष बुडते आणि मित्र पुढे निघून जातात. त्यात पुढची पाच वर्षे दर काही महिन्यांनी रक्ततपासणी, छायाचित्रे आणि दुर्बीण यांची फेरी असतेच. प्रत्येक अहवालापूर्वीची रात्र त्याला जागून काढावी लागते.

आणि या सगळ्यावर कडी करणारा एक प्रश्न त्याला वारंवार ऐकावा लागतो : ‘तुला कसा झाला? काय खात होतास?’ प्रक्रिया केलेले मांस, मद्य, तंबाखू, लठ्ठपणा यांनी धोका वाढतो, हे सिद्ध झालेले आहे. परंतु तरुणांतील वाढीचे संपूर्ण कारण अद्याप उलगडलेले नाही. बालपणी आतड्यात वस्ती करणाऱ्या काही जीवाणूंच्या विषाचा त्यात हात असावा, असे दर्शविणारा एक अभ्यास २०२५ साली प्रसिद्ध झाला आहे. सात्त्विक आहार घेणाऱ्या, निर्व्यसनी माणसांनाही हा रोग होतो. तेव्हा रुग्णाला त्याच्या ताटाचा हिशेब विचारण्यात ना शास्त्र आहे ना माणुसकी.

महाराष्ट्राला या विषयावर बोलण्याची परंपराच नाही, असे म्हणणे इतिहासाला धरून होणार नाही. र. धों. कर्व्यांनी १९२७ पासून १९५३ पर्यंत, खटले अंगावर घेऊन, ‘समाजस्वास्थ्य’ चालवले आणि शरीराविषयी स्वच्छ भाषेत बोलण्यात अश्लील काही नसते, हे दाखवून दिले. गाडगेबाबांनी हातात खराटा घेऊन घाणीविषयी बोलण्याची लाज समाजाच्या मनातून काढण्याचा यत्न केला. त्यांच्या नावाने दादरला चालणाऱ्या धर्मशाळेत आज गावोगावचे कर्करोगाचे रुग्ण उपचारांच्या काळात आसरा घेतात. या दोघांचा वारसा सांगणाऱ्या समाजाने एका सामान्य शारीरिक क्रियेविषयी बोलताना जीभ अडखळू द्यावी, हे शोभण्यासारखे नाही.

करावयाच्या गोष्टी फार मोठ्या नाहीत. वर्गात पचनसंस्थेची आकृती शिकवताना शिक्षकांनी मलाशयापाशी घाई न करता, रक्त दिसल्यास मोठ्या माणसांना आणि डॉक्टरांना सांगावे, हे एक वाक्य विद्यार्थ्यांना सांगावे. कुटुंबात कोण कशाने आजारी होते, हे घरातल्या तरुणांना कळू द्यावे. डॉक्टरांनी वय पाहून तपासणी टाळू नये आणि प्रजननशक्तीचा विषय उपचारांपूर्वी स्वतःहून काढावा. कचेऱ्यांनी आणि शाळांनी परत आलेल्या सहकाऱ्याला काही काळ हलके काम, तपासणीच्या दिवसांची रजा आणि जवळच्या शौचालयाची किल्ली द्यावी; यांपैकी शेवटच्या गोष्टीला तर शासननिर्णयाचीही वाट पाहावी लागत नाही. आणि ज्या वाचकाला हा लेख वाचताना आपलीच एखादी जुनी, कोणालाही न सांगितलेली तक्रार आठवली असेल, त्याने ती या आठवड्यात डॉक्टरांच्या कानावर घालावी. बहुधा ती मूळव्याधच निघेल. पण ते भिंतीवर वाचून ठरवू नये, तपासून घ्यावे.